पोटाच्या बायपासनंतर औषधांच्या पिशवीत काय काय निघालं: एक प्रकरण अभ्यास

रुग्ण बाई, वय ५२, तालुक्याच्या गावी खाणावळ चालवतात. चौदा महिन्यांपूर्वी पुण्यात गॅस्ट्रिक बायपास झालेली. त्या वेळी वजन १०८ किलो, उंची १५७ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय ४४ च्या आसपास. आता वजन ७६ किलो, बीएमआय ३१. मधुमेह नऊ वर्षांचा, रक्तदाब, थायरॉइड कमी आणि दोन्ही गुडघ्यांची झीज. तक्रार अशी, की पंधरा दिवसांपासून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, अंगात त्राण नाही आणि दुपारी जेवल्यानंतर दोनेक तासांनी दरदरून घाम सुटून हात थरथरतात.

हे प्रकरण एकाच बाईंचं नाही. सारख्याच वाटेनं गेलेल्या काही रुग्णांच्या हकिगती एकत्र करून, ओळख पटणार नाही अशा बेतानं लिहिलं आहे. औषधांची वागणूक मात्र जशी असते तशीच ठेवली आहे. खाणावळीत सगळे बाईंना मावशी म्हणतात, इथेही तेच नाव चालवू.

तपासलं तेव्हा आडवं असताना रक्तदाब १०२/६४ होता आणि उभं केल्यावर ८४/५६. नाडी ११४. पापण्यांची आतली बाजू पांढरीफटक. बोटातून थेंब घेऊन मोजलेली साखर ६४. शौचाचा रंग विचारला तर मावशी म्हणाल्या, "काळीच होते हो. लोहाची गोळी चालू आहे ना! काळी होईल म्हणून हॉस्पिटलातच सांगितलं होतं."

सांगितलं होतं हे खरंच, आणि बरोबरच सांगितलं होतं. लोहाच्या गोळीनं शौचाला हिरवट-काळा रंग येतो. पण ती बांधून होते आणि तिला वेगळा वास नसतो. जठरातून किंवा वरच्या आतड्यातून रक्त गेलं की शौचाला डांबरासारखी होते: चिकट, भांड्याला धरून बसणारी, पाणी टाकलं तरी न निघणारी, आणि वास असा की घरातल्या दुसऱ्या माणसालाही कळावा. तसं काही आहे का, असं विचारल्यावर मावशींआधी त्यांच्या सुनेनंच मान डोलावली. तीन आठवड्यांपासून ती संडासात फिनेल जास्त टाकत होती.

हिमोग्लोबिन ७.२ निघालं. चार महिन्यांपूर्वीच्या कागदावर ते ११.६ होतं. मूत्रपिंडाचं काम बिघडलं की चढणारं क्रिएटिनिन १.७, जे आधी ०.८ असायचं. साखर आधी सावरली, मग त्याच संध्याकाळी जिल्ह्याच्या ठिकाणी दाखल केलं, रक्ताच्या दोन पिशव्या दिल्या आणि दुसऱ्या दिवशी दुर्बीण झाली. जठराची छोटी पिशवी जिथे आतड्याला जोडलेली असते, त्या सांध्याला लागून आतड्याच्या बाजूला सुमारे दीड सेंटिमीटरचा व्रण होता. रक्तस्राव तोवर थांबला होता. अशा सांध्यावरच्या व्रणाला मार्जिनल अल्सर म्हणतात. बायपासनंतर तो किती जणांना होतो याचे आकडे वेगवेगळ्या अभ्यासांत १ टक्क्याच्या आतपासून १६ टक्क्यांपर्यंत पसरलेले आहेत.

निदान झालं. पण व्रण का झाला आणि साखर-रक्तदाब एकदमच का कोसळले, हे कळायला दुर्बीण पुरेशी नव्हती. सुनेला सांगितलं, की घरात जिथे जिथे औषध असेल तिथून सगळं उचलून आण. फ्रिजवरचं, देव्हाऱ्याशेजारचं, पर्समधलं, गल्ल्याच्या खणातलं, संपत आलेलं, जुनं, सगळं. ती किराण्याची कापडी पिशवी भरून घेऊन आली आणि पलंगावर ओतली.

पेनकिलर

पिशवीत अॅसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल या जोडगोळीच्या सात रिकाम्या पट्ट्या होत्या. गुडघ्याच्या डॉक्टरांनी पाच महिन्यांपूर्वी पाच दिवसांसाठी ती लिहिली होती. पुढचं काम मेडिकलमधून पट्टी दाखवून चालू राहिलं: आधी दिवसाला एक, मग खाणावळीत लग्नसराईचे डबे सुरू झाले तसं सकाळ-संध्याकाळ. दरम्यान दोनदा गावातल्या दवाखान्यात 'दुखण्याची सुई'ही घेतली होती.

मावशी बेफिकीर बाई नाहीत. पुण्याच्या डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहिलेलं होतं, की पेनकिलर घेऊ नये, पॅरासिटामॉल चालेल. आणि त्या पॅरासिटामॉलच घेत होत्या, निदान त्यांच्या समजुतीप्रमाणे. पट्टीवर मोठ्या अक्षरात कंपनीनं ठेवलेलं नाव आणि त्यापुढे इंग्रजी 'पी' होतं. पी म्हणजे पॅरासिटामॉल, हे त्यांना मेडिकलवाल्या पोरानंच सांगितलेलं. ते खोटं नव्हतं, फक्त त्या 'पी'च्या आधी काय आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे वेदनाशामक गोळ्यांचे असे जोड प्रकार इतके आहेत, की पेनकिलर टाळा असं सांगून भागत नाही. डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नेप्रॉक्सेन, केटोरोलॅक, निमेसुलाइड, पायरॉक्सिकॅम, पाळीच्या पोटदुखीवरच्या गोळीतलं मेफेनामिक अॅसिड, डोकेदुखीवर पाण्यात विरघळवून घ्यायची अॅस्पिरिन, ही नावं कागदावर मराठीत आणि इंग्रजीत लिहून द्यावी लागतात. पट्टीच्या मागची बारीक अक्षरं त्या कागदाशी ताडून बघायला घरातलं एखादं शाळकरी पोरही पुरतं.

बायपास झालेल्या पोटाला या गोळ्यांचं एवढं वावडं का? शस्त्रक्रियेत जठराचा वरचा जेमतेम ३० मिलिलिटर मावेल एवढा भाग वेगळा करतात आणि त्याला लहान आतड्याचा पुढचा भाग, म्हणजे जेजुनम, आणून जोडतात. उरलेलं मोठं जठर आणि ड्युओडेनम, म्हणजे लहान आतड्याचा पहिला भाग, अन्नाच्या वाटेतून बाजूला पडतात. एरवी जठरातलं आम्ल आधी ड्युओडेनममध्ये उतरतं आणि तिथल्या क्षारयुक्त स्रावानं शांत होऊन पुढे जातं. आता छोट्या पिशवीत जे थोडं आम्ल तयार होतं ते थेट जेजुनमवर पडतं, आणि त्या अस्तराला आम्लाची सवय नसते. त्याचा बचाव व्हायचा तो प्रोस्टाग्लँडिन या शरीरातच बनणाऱ्या द्रव्यामुळे, रक्तपुरवठा आणि चिकट स्रावाचा थर टिकवून. ही वेदनाशामकं नेमकं प्रोस्टाग्लँडिनच बनू देत नाहीत.

यावरून सुईचाही हिशोब लागतो. सुई घेतली म्हणजे औषध पोटात गेलं नाही, तेव्हा पोटाला त्रास नाही, असं मावशींना वाटत होतं, आणि असं वाटणारे बरेच सुशिक्षित लोकही मला भेटतात. धोका आहे तो ही गोळी अस्तराला वरून टोचते म्हणून नव्हे. ती रक्तातून जाऊन बचाव काढून घेते. सुईनं द्या, गुदद्वारातून द्या, आतड्यात विरघळणारं वेष्टण घालून द्या, परिणाम तोच. त्वचेवर चोळायच्या जेलमधून रक्तात फार थोडं औषध जातं, त्यामुळे तेवढी सवलत डॉक्टरांना विचारून घेता येते.

औषधांच्या पिशवीच्या तळाशी एक छोटी पत्र्याची डबी निघाली. मिश्री. शस्त्रक्रियेआधी सोडायला लावली होती, सोडलीही होती, आणि चारेक महिन्यांनी पहाटेच्या चुलीबरोबर परत सुरू झाली. मार्जिनल अल्सरच्या कारणांत धूम्रपान हे पक्कं सिद्ध झालेलं कारण आहे. मिश्री ओढत नाहीत, दातांना लावतात, पण आहे ती भाजलेली तंबाखूच आणि निकोटिन तिच्यातही आहे. शहरातल्या हॉस्पिटलांत 'सिगारेट ओढता का' असं विचारतात. आमच्या भागातल्या बायका त्यावर प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतात. प्रश्नच बदलायला हवा.

साखर, रक्तदाब आणि मूत्रपिंड

मधुमेहाच्या गोळ्या पुण्यातून सुटतानाच बंद केल्या होत्या, हे योग्यच होतं. बायपासनंतर साखर वजन उतरायच्याही आधी, काही दिवसांतच खाली येऊ लागते, आणि ग्लिमेपिराइडसारखी इन्सुलिन बाहेर ढकलणारी गोळी तशीच चालू ठेवली तर साखर धोकादायक उतरू शकते. पण पिशवीत ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एसआरची अर्धी पट्टी निघाली. त्याचं झालं असं, की भाच्याच्या लग्नात बासुंदी खाल्ली, तासाभरात डोकं गरगरलं, तिथेच कुणीतरी पाहुण्यानं यंत्रावर साखर मोजली तर २१०. घरी आल्यावर जुनी पट्टी शोधून गोळी परत सुरू.

बायपासनंतर गोड पदार्थ जठरात थांबतच नाही. तो सरळ आतड्यात उतरतो, साखर झपाट्यानं चढते, शरीर त्यावर भरपूर इन्सुलिन सोडतं आणि दोन-तीन तासांत साखर आपटते. म्हणून अशा माणसाची जेवणानंतर तासाभरात मोजलेली साखर बघून गोळी ठरवू नये. उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी, म्हणजे गेल्या सुमारे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी तपासणी, बघावं. मात्र रक्तस्राव झाला असेल किंवा रक्त चढवलं असेल तर तेही काही काळ भरवशाचं नसतं. मावशींचं चार महिन्यांपूर्वीचं एचबीए१सी ५.८ होतं. त्यांना मधुमेहाच्या कुठल्याच गोळीची गरज नव्हती. जेवणानंतर दोन तासांनी हात थरथरायचे ते साखर उतरल्यामुळे, आणि मावशी त्यावर उपाय म्हणून चहात साखर वाढवत होत्या, की पुन्हा तेच चक्र.

रक्तदाबाची गोळी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइडची, १०८ किलो वजनाला ठरवलेली, ७६ किलोलाही तीच. वजन उतरलं की बहुतेकांचा रक्तदाब उतरतो. शिवाय या शस्त्रक्रियेनंतर पाणी एका दमात पिता येत नाही, घोटघोट प्यावं लागतं, आणि शेगडीसमोर दिवस काढणाऱ्या बाईला ते कधीच पुरत नाही. त्यात लघवी वाढवणारं औषध. रक्तस्राव नसता तरी या बाईंना कधी ना कधी भोवळ आलीच असती.

क्रिएटिनिन दुप्पट झालं त्याचंही उत्तर पलंगावरच पडलेलं होतं. सार्टन गटातली रक्तदाबाची गोळी, लघवीची गोळी आणि वेदनाशामक, ही तीन औषधं एकत्र आली की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा तीन बाजूंनी आवळला जातो. वैद्यकात हे त्रिकूट कुप्रसिद्ध आहे आणि त्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया झालेली असावीच लागते असं नाही. इथे त्यात रक्तस्रावाची भर पडली. तिन्ही थांबवल्यावर दहा दिवसांत क्रिएटिनिन ०.९ वर आलं. रक्तदाबाची गोळी पुढे दोन महिने दिलीच नाही. घरी मोजलेले आकडे १३० च्या वर जाऊ लागल्यावर टेल्मिसार्टन २० मिलिग्रॅम एकटं सुरू केलं.

एकदाच आटपून टाकायच्या गोळ्या

पिशवीतून एक छोटा पितळी खलबत्ताही निघाला. सून तो औषधांतच धरत होती, कारण चौदा महिने ती सासूबाईंच्या सगळ्या गोळ्या रोज सकाळी त्यात एकत्र कुटून, पाण्यात कालवून देत होती. शस्त्रक्रियेनंतर पहिले काही आठवडे पोट सुजलेलं असतं, मोठी गोळी अडकू शकते, म्हणून कुटून किंवा पातळ औषध द्या असं सांगतात. ते किती दिवस करायचं, हे कार्डावर नव्हतं. आणि काय कुटायचं नाही, हेही नव्हतं. ज्या गोळीच्या नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर, सीआर अशी अक्षरं असतात तिच्यातलं औषध दिवसभर थोडं थोडं सुटावं अशी तिची बांधणी असते. कुटली की सगळं एकदम सुटतं. बरं, न कुटताही बायपासनंतर अशा गोळीवर भरवसा नसतो, कारण आतड्याची वाट छोटी झालेली असते आणि गोळी पूर्ण सुटायच्या आत पुढे निघून जाऊ शकते. त्यामुळे जिथे साधा प्रकार मिळतो तिथे साधाच घ्यावा, दिवसातून दोनदा घ्यावा लागला तरी चालेल.

सुनेला मी काही बोललो नाही. सांगितलेलं काम तिनं एकही दिवस न चुकवता केलं होतं.

थायरॉइडची गोळी, कॅल्शियम आणि लोह ही तिन्ही त्या एका वाटीत. थायरॉक्सिन कॅल्शियमला आणि लोहाला चिकटून बसतं आणि शोषलंच जात नाही. त्यांच्यात चार तासांचं अंतर हवं. कॅल्शियम आणि लोहही एकमेकांच्या आड येतात, तिथे किमान दोन तास. परिणाम कागदावर दिसत होताच: टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडलं की रक्तात चढणारा आकडा, वाढलेलं, म्हणून थायरॉक्सिनचा डोस वर्षभरात ७५ चा १०० आणि १०० चा १२५ मायक्रोग्रॅम झालेला, तरी शेवटचं टीएसएच १३.८. वजन एवढं उतरल्यावर थायरॉक्सिनची गरज सहसा कमी होते. इथे उलटं चाललं होतं, आणि दर वेळी ज्यांनी डोस वाढवला त्यांच्यापुढे फक्त टीएसएचचा कागद होता, वाटी नव्हती.

हे सुधारताना एक सावधगिरी लागते. अंतर पाळायला लागल्यावर १२५ मायक्रोग्रॅम खरोखर पोटात शोषलं जाईल आणि छातीत धडधड सुरू होईल. म्हणून अंतर लावतानाच डोस १०० वर आणला. आठ आठवड्यांनी टीएसएच ०.३ आलं, तेव्हा ७५.

कॅल्शियम कार्बोनेट होतं. ते विरघळायला आम्ल लागतं, आणि छोट्या पिशवीत ते पुरेसं नसतं, त्यात आता आम्ल कमी करणारं औषध सुरू होणार. कॅल्शियम सायट्रेटला आम्लाची गरज नसते. बायपासनंतर दिवसाला आहार आणि गोळ्या मिळून १२०० ते १५०० मिलिग्रॅम लागतं, पण एका वेळी ५०० ते ६०० च्या वर घेतलेलं वाया जातं, म्हणून ते विभागून. बी१२ होतं १६८, म्हणजे कमी. मावशी शाकाहारी, त्यात बी१२ शोषायला लागणारा जठरातला घटक आता अन्नाला नीट भेटत नाही, आणि पिशवीत फक्त साधी मल्टिव्हिटॅमिन. इंजेक्शनं सुरू केली. जीवनसत्त्व डीची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक अशी चौदा महिने चालूच होती. पातळी चांगली होती, महिन्यात दोनवर आणली.

आणि एक हिरव्या झाकणाची बाटली, सांधेदुखीवरच्या चूर्णाची, बाजारच्या दिवशी रस्त्यावर घेतलेली, लेबल नसलेली. असल्या चूर्णांत स्टिरॉइड किंवा वेदनाशामक मिसळलेलं आपल्या देशात अनेकदा सापडलेलं आहे. या बाटलीत काय होतं ते तपासलं नाही, टाकून दिली. आयुर्वेदाशी भांडण नाही, नाव-गाव नसलेल्या बाटलीशी आहे.

कुणाकडून काय सुटलं

मेडिकलवाल्याला झोडपणं सोपं आहे, आणि चिठ्ठीशिवाय पाच महिने ती गोळी देणं कायद्यातही बसत नाहीच. पण एकेक हात तपासला तर प्रत्येकानं आपल्यापुरतं समजण्यासारखंच केलेलं दिसतं. गुडघ्याच्या डॉक्टरांनी 'आधी काही ऑपरेशन?' विचारलं होतं. मावशी 'बायपास' म्हणाल्या. त्यांनी हृदयाची समजून रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का विचारलं, नाही म्हटल्यावर वेदनाशामक लिहिली. पुण्याच्या सर्जननी तीन महिने आम्लावरचं औषध देऊन बंद केलं, तेही नेहमीच्या पद्धतीप्रमाणेच. नंतर वेदनाशामक सुरू होणार आहे हे त्यांना कसं कळावं?

माझ्या मते दोष औषधांच्या निवडीपेक्षा मुदतीत आहे. डिस्चार्ज कार्डावरच्या प्रत्येक सूचनेला सुरुवात होती, शेवट नव्हता. गोळ्या कुटा, कधीपर्यंत? रक्तदाबाची गोळी चालू ठेवा, कुठल्या वजनापर्यंत? मधुमेहाची बंद, पण परत कुणाला विचारून सुरू करायची? अख्ख्या कार्डावर एकाच औषधापुढे मुदत लिहिलेली होती: पित्ताशयात खडे होऊ नयेत म्हणून दिलेलं अर्सोडिऑक्सिकोलिक अॅसिड, 'सहा महिने'. आणि संबंध पिशवीत तेच एक औषध वेळेवर संपून वेळेवर थांबलेलं होतं. वजन दर महिन्याला बदलत असताना औषधांची यादी मात्र एकदाच लिहून ठेवायची, हेच मुळात विचित्र आहे. पहिल्या महिन्यात, तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या आणि मग दर वर्षी, रक्ताच्या तपासण्यांबरोबर पिशवीही टेबलावर यायला हवी.

इथे एक खुलासा करतो. ज्यांची स्लीव्ह झाली आहे, म्हणजे जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून नळीसारखं जठर ठेवलं आहे, त्यांनी हे सगळं जसंच्या तसं स्वतःला लावू नये. त्यांच्या आतड्याची वाट बदललेली नसते, हा सांधा नसतो, त्यामुळे वेदनाशामकांचा धोका बायपासइतका मानत नाहीत, तरी कमीत कमी आणि विचारूनच. मिनी बायपास झालेल्यांना मात्र सांधा असतो आणि नियम बायपासचाच. आपली कुठली झाली आहे हेच बऱ्याच जणांना सांगता येत नाही, 'वजनाचं ऑपरेशन' एवढंच सांगतात. कुटुंबात तरुण मुलीची बायपास झाली असेल तर आणखी एक गोष्ट: गर्भनिरोधक गोळीवर विसंबू नये, ती पुरेशी शोषली जाईलच असं नाही, आणि वजन उतरल्यावर थांबलेली पाळी सुरू होऊन दिवस राहण्याची शक्यता उलट वाढते. पहिलं वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळायची असते, तेव्हा तांबी किंवा दुसरं साधन. ज्यांचा डोस थोडाही चुकून चालत नाही अशी औषधं, म्हणजे फिट्सची, लिथियम, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, यांच्या बाबतीत तर रक्तातली पातळी किंवा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) मोजल्याशिवाय पुढे जाऊच नये.

पुढे काय केलं

व्रणासाठी आम्ल कमी करणारं औषध दिवसातून दोनदा. इथे खलबत्त्याचा प्रश्न परत आला. पँटोप्रॅझोलच्या नेहमीच्या गोळीवर आम्लापासून बचावाचं वेष्टण असतं, ती कुटायची नाही. त्याऐवजी आत बारीक दाणे असलेली कॅप्सूल निवडली, ती उघडून दाणे चमचाभर पेजेवर घालून, न चावता गिळायचे. हे उघडणं हौसेचं नाही. अख्खी कॅप्सूल छोट्या पिशवीतून विरघळायच्या आतच पुढे सरकते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात बायपासनंतरचे असे व्रण उघडलेल्या कॅप्सूलनं मध्यमानानं ९१ दिवसांत भरले, अख्ख्या कॅप्सूलनं ३४२ दिवसांत. जुन्या नोंदींवरून केलेला अभ्यास आहे, पण फरक एवढा मोठा असताना आणि उपाय फुकट असताना मी वाट बघत बसणार नाही.

सोबत व्रणावर थर धरणारं सुक्राल्फेटचं पातळ औषध. तेही थायरॉक्सिनला धरून ठेवतं, म्हणून पुन्हा वेळापत्रक. मावशी पहाटे पाचला उठतात, त्यामुळे थायरॉक्सिन तेव्हाच, नुसत्या पाण्याबरोबर. सहाला कॅप्सूलचे दाणे, साडेसहाला पेज. सुक्राल्फेट दहानंतर. कॅल्शियम दुपारच्या आणि संध्याकाळच्या खाण्याबरोबर. लोह तोंडानं बंदच केलं आणि शिरेतून दिलं. त्यानं रक्त लवकर भरून निघालं आणि वेळापत्रकातली एक गोळी कमी झाली. तिसरा फायदा मला जास्त महत्त्वाचा वाटतो: आता शौचाला काळी झाली तर ती लोहाच्या गोळीवर ढकलायला सबब उरली नाही.

मिश्री सोडली. मध्ये एकदा सुरू झाली, परत सोडली. तीन महिन्यांनी दुर्बीण केली तेव्हा व्रण भरला होता. हेलिकोबॅक्टर या जंतूची तपासणी पहिल्याच वेळी केली होती, ती निगेटिव्ह होती. हिमोग्लोबिन ११.९.

कार्डाच्या मागे सुनेनं स्वतःच्या अक्षरात लिहून घेतलं आहे: 'पोटाची बायपास झालेली आहे. हृदयाची नाही.' त्याखाली न चालणाऱ्या गोळ्यांची नावं. तसाच कागद मेडिकलच्या काउंटरवर काचेखाली आहे, तो त्या पोरानं आपणहून ठेवून घेतला.

राहता राहिले गुडघे, कारण सगळं सुरू झालं ते तिथून. पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम दिवसातून जास्तीत जास्त तीनदा, तेही दुसऱ्या कुठल्या जोडगोळीतून पॅरासिटामॉल जात नाही ना हे बघून. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम. पोळ्या लाटायला उंच स्टूल, म्हणजे दिवसाचे चार तास उभं राहणं वाचलं. उजव्या गुडघ्यात एकदा स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं, त्यानंतर आठवडाभर साखर मोजली. एवढं करून डावा गुडघा बरा आहे, उजवा नाही. जिना चढताना मावशी अजूनही कठड्याला धरून थांबतात, आणि दुखणं सहन झालं नाही की हात कुठल्या पट्टीकडे जाईल हे मला माहीत आहे. म्हणून सांधेरोपणाचा विषय आता टाळत नाही.

ऑर्थोपेडिक सर्जनना पत्र लिहिलं आहे. त्यांच्याकडे ऑपरेशननंतर दुखण्यासाठी केटोरोलॅकची सुई आणि पायात गुठळी होऊ नये म्हणून अॅस्पिरिन किंवा रिव्हॅरोक्झॅबॅनची गोळी, अशी ठरलेली पद्धत आहे. केटोरोलॅक आणि अॅस्पिरिन नको, रिव्हॅरोक्झॅबॅन मुख्यतः जठरात आणि वरच्या आतड्यात शोषलं जातं, तेव्हा त्यावरही भिस्त नको. गुठळी होऊ न देणाऱ्या एनॉक्सापॅरिनची पोटावर घ्यायची सुई द्यावी, आणि वेदनेसाठी मज्जातंतू बधिर करण्याचा विचार भूलतज्ज्ञांशी आधीच बोलून ठरवावा, असं सुचवलं आहे. त्यांचं उत्तर आलं, एनॉक्सापॅरिनची सुई मान्य आहे, तारीख दिवाळीनंतरची. मावशींनी तारीख ऐकून पहिला प्रश्न विचारला तो औषधाचा नव्हता. डबे किती दिवस बंद ठेवायचे, तेवढं आधी सांगा म्हणाल्या, चाळीस पोरं जेवायला आहेत.